पिंपापाशी आलेलं अस्वल

११ जून

लायनेल,

काल संध्याकाळी बातम्यांच्या मधे तू टीव्हीवर दिसलास. पापा जेवत होते. मी चुलीपाशी कुट्टूची धिरडी घालत होते, त्यातलं तव्यावरचं करपलं. पापांनी तुला आधी ओळखलं नाही. म्हणाले, "हा माणूस आपल्या लायनेलसारखा दिसतो, पण लायनेल एवढं बोलत नाही." मग खाली तुझं नाव आलं आणि त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

अंगात चौकड्यांचा शर्ट होता, मीच दिलेला. मागे पाणी. तू म्हणालास, "मी आयुष्यभर लोकांना आमिषावर अस्वलं मारून दिली. ती शिकार नव्हती. जनावराला महिनाभर जेवायला बोलवायचं, त्याचा विश्वास बसला की गोळी घालायची. याला केसानं गळा कापणं म्हणतात." मग नोव्हेंबरातल्या सार्वमतात या शिकारीवरच्या बंदीच्या बाजूनं मत द्या, असं सांगितलंस.

आपल्या शिकारीच्या कॅम्पचं नाव तू घेतलं नाहीस, एवढी कृपा केलीस. पण सगळ्या आरूस्टुक जिल्ह्यात थेरियोंचा कॅम्प कुणाला माहीत नाही? सकाळी पेट्रोल भरायला गेले, तर पंपावरचा पोरगा माझ्याकडे न बघता म्हणाला, "लायनेल बरा दिसत होता." आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तू का गेलास ते मला ठाऊक आहे. तो न्यू जर्सीचा माणूस मचाणावरून उतरला, मेलेल्या अस्वलाला बुटानं ढोसलं आणि म्हणाला, "एवढंच?" तू त्याची बंदूक उतरवून ठेवलीस, त्याला गाडीत घालून कॅम्पवर आणलंस आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची बॅग भरलीस. तो माणूस मूर्ख होता हे मला तेव्हाही मान्य होतं. पण एक मूर्ख गिऱ्हाईक आलं म्हणून कुणी सगळं दुकान बहिणीच्या गळ्यात टाकून समुद्रावर होड्या रंगवायला जात नाही.

लाकडाची गिरणी बंद झाली. ऑगस्ट-सप्टेंबरात अस्वलांसाठी जे लोक येतात त्यांच्यावर आमचं वर्ष निघतं. बंदी आली तर मी आणि पापा काय करायचं, तेही एकदा त्या कॅमेऱ्यासमोर सांग.

डेल्फीन

३ ऑगस्ट

लायनेल,

तुझं उत्तर आलं नाही. तुझी मार्था फोनवर म्हणाली की तू पत्र वाचलंस, घडी घातलीस आणि खाली होड्यांकडे निघून गेलास. पत्राला उत्तर न देण्याची कला तू पापांकडूनच उचललीस.

या आठवड्यात मचाणांसमोरची आमिषाची पिंपं भरली. शिळे डोनट, पॉपकॉर्न, तळणाचं जुनं तेल, वरून काकवी. तू असतास तर उचलायला दोन हात जास्त मिळाले असते. ओढ्याकाठच्या मचाणाची शिडी मी नवीन केली, आधीपेक्षा बुटकी, म्हाताऱ्या गिऱ्हाइकांसाठी. घरी येते तेव्हा काकवीनं बाह्या कडक झालेल्या असतात. पापा म्हणतात, माझ्या अंगाला वाढदिवसाचा वास येतो.

तुझ्या जाहिरातीवर त्यांचं काय म्हणणं आहे ते तुला कळायला हवं. मला वाटलं होतं ते तुझी बाजू घेतील, कारण त्यांच्या तरुणपणी पिंपं कुठं होती? ते माग काढत जायचे. म्हणून मी विचारलं. ते हसले. म्हणाले, "माग? आम्ही गावच्या उकिरड्यावर बसायचो. कचऱ्याची गाडी रिकामी झाली की अस्वलं यायची. तुझ्या भावाचं पहिलं अस्वल तिथलंच. विचार त्याला, अस्वलाच्या तोंडात काय होतं."

"काय होतं?"

"कुणाच्या तरी लग्नाचा केक."

तू हे टीव्हीवर सांगत नाहीस. मग थोड्या वेळानं, आपणहून, ते म्हणाले, "पण उकिरडा आम्ही अस्वलासाठी नव्हता केला. तो तिथं होताच. हे पिंप तू त्याच्यासाठी ठेवतेस. एवढा फरक आहे." मी विचारलं, म्हणजे तुम्ही कुणाच्या बाजूनं? म्हणाले, "मी जेवणाच्या बाजूनं." आणि ताट पुढे केलं.

माझं म्हणणं तुला माहीत आहे, तरी लिहिते. आपलं जंगल म्हणजे हात लांब केला तर बोटं दिसू नयेत असली झाडी. चालत जाऊन इथं अस्वल मारायचं म्हणजे हललेल्या काळ्या डागावर गोळी झाडायची. पिंपापाशी ते थांबतं. वेळ मिळतो. केवढं आहे, नर आहे की मादी, मागे पिल्लं आहेत का, हे बघता येतं. नको असेल तर जाऊ देता येतं. मी कितीतरी जाऊ दिली आहेत. तूही दिली होतीस. घाईत मारण्यापेक्षा बघून मारणं जास्त दयेचं नाही का? याचं सरळ उत्तर तू मला कधीच दिलं नाहीस. नुसतं म्हणालास, "दयेचं असेल. बरोबरीचं नाही."

गाईडांच्या संघटनेचा गिल सूसी येऊन गेला. ऑक्टोबरात सेंट अँ चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये दोन्ही बाजूंची सभा आहे. मी बोलावं असं त्याचं म्हणणं.

"तू बाई आहेस," तो म्हणाला. "तू बोललीस तर लोक ऐकतील."

"आणि मी बाई नसते तर?"

"तर मीच बोललो असतो. पण मी बोललो की माझी बायकोसुद्धा उठून जाते."

"समोरून कोण बोलणार आहे?"

तो टोपी फिरवत बसला. मग म्हणाला, "तुझा भाऊ."

मी हो म्हटलं. तुला आधीच कळवते आहे, पाठीमागून काही करत नाही.

डेल्फीन

१४ सप्टेंबर

लायनेल,

वेंडेल क्रूगर तुला आठवत असेल. पेनसिल्व्हेनियात शाळेची बस चालवायचा. त्याची आयरीन पापांशी पत्ते खेळायची आणि त्यांना लुटायची. आयरीन एप्रिलमध्ये गेली. तो या वेळी एकटाच आला, तिचा थर्मास घेऊन. पहिल्या सकाळी कॉफी ओतताना त्याचा हात थरथरताना मी पाहिला. काही बोलले नाही. वर्षानुवर्षं येणाऱ्या माणसाला, बायको गेल्याच्या वर्षी, तुझा हात कापतो असं कसं म्हणायचं? त्याला ओढ्याकाठचं मचाण दिलं.

बुधवारी उजेड उतरता उतरता गोळीचा आवाज आला. मी गेले तेव्हा तो शिडीखाली टोपी हातात घेऊन उभा होता, चर्चमध्ये उभं राहतात तसा.

"डेल्फीन, मी नीट मारलं नाही."

रक्त होतं, पण काळपट, आणि त्याला वास होता. तो वास तुला माहीत आहे. पोटात लागली होती. सकाळी क्लॉडेट आपला मागावरचा कुत्रा घेऊन आली. कुत्र्यानं ओढा ओलांडून, तोडलेल्या झाडांच्या पट्ट्यातून, सीडरच्या झाडांच्या दलदलीपर्यंत आम्हाला नेलं. मग पाऊस आला. दुपारनंतर कुत्रा नुसता गोल फिरायला लागला. दुसऱ्या दिवशी क्लॉडेटशिवाय गेलो, मी आणि वेंडेल. दलदलीत तो मांडीपर्यंत रुतला, तरी माघारी फिरायला तयार नाही. शेवटी मीच त्याला हाताला धरून आणलं.

निघताना म्हणाला, "सापडलं तर मला कळव. कसंही सापडलं तरी."

मी मान हलवली.

तुला हे का लिहिते आहे कोण जाणे. गिलला सांगितलं नाही. क्लॉडेट बोलणारी नाही. त्या मचाणावर आता कुणाला बसवत नाही.

डेल्फीन

२ ऑक्टोबर

लायनेल,

सापडलं.

शाळांना बटाटे काढायच्या सुट्ट्या लागल्यात. सगळी पोरं शेतांवर आहेत, रस्ते रिकामे. मी तितरांच्या निमित्तानं बंदूक घेऊन दलदलीच्या पलीकडच्या अंगानं गेले. डोमकावळे ओरडत होते. आम्ही ज्या बाजूनं शोधत होतो त्याच्या बरोबर उलट बाजूला, जिथं पाणी झिरपून काळं डबकं होतं, तिथं ते होतं. पक्ष्यांनी आणि कोल्ह्यांनी बरंच नेलं होतं.

ते लगेच मेलं असतं तर मी पुरून घरी आले असते आणि कुणाला काही लिहिलं नसतं. पण शेवाळ दबलेलं होतं. एक जागा, तिच्यापुढे थोड्या अंतरावर दुसरी, मग आणखी एक. प्रत्येक पाण्याच्या जवळ. पोटात लागलेलं जनावर तहानेनं पाणी शोधतं, हे तूच मला शिकवलंस. शेवटच्या जागेवर पंजांनी माती उकरून ओल वर आणलेली होती. त्यानं बरेच दिवस काढले, लायनेल. आम्ही पलीकडे हाका मारत फिरत होतो तेव्हा ते जिवंत असणार.

पापांना सांगितलं नाही. वेंडेलला फोन केला नाही. फोनपाशी गेले, नंबरही काढला.

सीझन संपला. बाकीची पिंपं उचलून आणली. ओढ्याकाठच्या पिंपात मात्र अजून थोडं खाणं टाकते. हाताला सवय लागलेली असते.

तुझ्या लोकांना असली गोष्ट हवीच असेल. नाव, गाव, तारीख, सगळं या पत्रात आहे. कुणाला सांगू नकोस असं मी लिहिणार नाही. तसं लिहिलं तर तुझ्यावर विश्वास नाही असा अर्थ होईल. नाही लिहिलं तर आहे असा होईल. खरं काय आहे ते माझं मलाच समजलेलं नाही.

पण ती दबलेली जागा बघून काय वाटतं, हे ज्याला समजावून सांगावं लागणार नाही असा माणूस मला तुझ्याखेरीज माहीत नाही. म्हणून लिहिलं.

डेल्फीन

२० ऑक्टोबर

लायनेल,

तू हॉलमध्ये होतास, तेव्हा काय झालं ते तुला सांगायची गरज नाही. माझ्या खुर्चीतून काय दिसलं ते सांगते.

आधी हे, की मी तुला बारीक झालेला पाहिला. जिना उतरताना गुडघा धरून उतरत होतास. आपण एकमेकांना मान हलवून ओळख दिली, बँकेत भेटल्यासारखी. पापा पहिल्या रांगेत चाकांच्या खुर्चीवर. तू त्यांच्यापाशी वाकलास, ते काहीतरी म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही. मग तू माझ्यापासून एका टेबलाच्या अंतरावर बसलास आणि पूर्ण सभाभर माझ्याकडे बघितलं नाहीस.

गिलनं मला सगळं घोटून पाठ करून घेतलं होतं. अस्वलं वाढताहेत, शिकार कमी झाली तर ती गावात शिरतील, कोंबड्या नेतील, मग पोलीस त्यांना रस्त्यावर मारतील. हे खरंच आहे, मी मनापासून बोलले. मग मी ते पिल्लांचं वाक्य बोलले. पिंपापाशी अस्वल थांबतं म्हणून मागे पिल्लं आहेत का हे बघता येतं, आणि आम्ही पिल्लांच्या आईला मारत नाही. त्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. तू टेबलावरच्या आपल्या हातांकडे बघत होतास. काकवीचे नाहीत, आता रंगाचे डाग असतात तुझ्या बोटांना.

मग तुझ्या बाजूच्या त्या बाई उठल्या, लाल मफलरवाल्या. तुला म्हणाल्या, "तुम्ही त्या कॅम्पवर आयुष्य काढलंत. तिथं अस्वलं जखमी होऊन निसटतात का? आजही?"

मी टेबलाची कड धरली. आता पत्र बाहेर येणार असं मला वाटलं, आणि खरं सांगते, थोडं बरंही वाटलं. एकदाचं संपेल.

तू पाणी प्यायलास. म्हणालास, "माझ्या हाताखालून दोन गेली. त्यांची गोष्ट सांगतो." आणि सांगितलीस, दोन्ही, काही न गाळता. शेवटी म्हणालास, "आजचं मला विचारू नका. माझी बहीण इथंच बसली आहे. तिच्या कॅम्पचं ती सांगेल."

हे तू मला वाचवायला म्हणालास की अडकवायला, ते घरी येईपर्यंत मला ठरवता आलं नाही. अजूनही नाही. तू मूग गिळून बसला असतास तर मी गिलचं वाक्य म्हटलं असतं. "असं अगदी क्वचित होतं." जिभेवर होतं ते. पण तू माझ्यापुढे माइक सरकवलास तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंस, आणि मला ते म्हणता आलं नाही.

म्हणून मी सांगितलं. या वर्षी एक गेलं. दलदल, डबकं, दबलेलं शेवाळ. वेंडेलचं नाव घेतलं नाही. हॉलमध्ये कॉफीच्या भांड्याचा खदखदाट ऐकू येत होता. मग मी म्हटलं, "मी तरी बंदीच्या विरुद्धच मत देणार आहे. तुम्हीही द्या. पण असं काही होत नाही, असं समजून देऊ नका."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाहेर गिल म्हणाला, "तुला कुणी विचारलं होतं इतकं?" मी म्हटलं, "हो, विचारलं होतं. माइकवरून." तो गाडीत बसून निघून गेला.

परत येताना पापा गाडीची काच बाहीनं पुसत होते. मग म्हणाले, "लायनेल म्हातारा दिसतो." आणखी थोड्या वेळानं, "तुम्हा दोघांनाही खोटं बोलता येत नाही. आईवर गेलात. माझ्यावर गेला असतात तर एव्हाना श्रीमंत असतात."

त्यांना वाटलं तेवढं मी खरं बोलले नव्हते.

डेल्फीन

९ नोव्हेंबर

प्रिय लायनेल,

आम्ही जिंकलो. तुला माहीतच आहे. बंदी आली नाही. पुढच्या वर्षीची पहिली मागणी मतमोजणीच्या दुसऱ्याच दिवशी आली. गिलनं सगळ्या गाईडांना जेवायला बोलावलं, मला नाही. त्याच सकाळी दारात पायरीवर कुणीतरी तळणाचं जुनं तेल ओतून ठेवलं होतं. भुसा टाकून काढलं. पापांना सांगितलं की माझ्याच हातून सांडलं.

मार्थाचा फोन आला होता. तुझ्याकडचं तिनं सांगितलं. सभेनंतर त्या लोकांनी तुला विचारलं की बहिणीच्या अस्वलाचं तुला आधी ठाऊक होतं का, आणि तू हो म्हणालास. मग तुझी जाहिरात बंद केली आणि तुला पुन्हा कुठं बोलावलं नाही. "आपल्या हातात होतं आणि तुम्ही खिशात ठेवलंत," असं म्हणाले म्हणे. वाईट वाटलं. खरंच. मतांचा फरक फार नव्हता.

आणि तुझं कार्ड आलं. इतक्या दिवसांनी तुझं अक्षर, आणि दोनच ओळी. "सीझन संपल्यावरही ओढ्याकाठच्या पिंपात खाणं का टाकतेस?" "मादी होती का?"

हो. मादी होती.

डबक्यापाशी मी तिला काठीनं उलटी केली तेव्हाच कळलं. दूध होतं तिला. त्याआधीच कळायला हवं होतं, कारण गोळी लागल्याच्या तिसऱ्या दिवशी झाडावरच्या कॅमेऱ्यात दोन पिल्लं आली होती, पिंपापाशी, एकटी. एक पिंपात डोकं घालून, दुसरं मागे उभं राहून जंगलाकडे बघणारं. मी ती चित्रं पुसून टाकली आणि स्वतःला सांगितलं की दुसऱ्याच कुणाची असतील.

ती मादी त्या पिंपावर आधी कधी आली नव्हती. त्या संध्याकाळी पिल्लांना झाडीत ठेवून एकटी पुढे आली असणार. वेंडेलला पिल्लं दिसायला काही मार्ग नव्हता. मी त्याच्या शेजारी असते तर मलाही दिसलं नसतं, कदाचित. कदाचित मी म्हटलं असतं, थांब, अजून थोडं बघू. हे कदाचित मला झोपू देत नाही.

सभेत मी ते पिल्लांचं वाक्य बोलले तेव्हा मला हे सगळं माहीत होतं. जखमी अस्वलाचं सांगितलं, आणि लोकांना वाटलं केवढी खरी बाई. मादीचं गिळलं. ते सांगितलं असतं तर माझं सगळं म्हणणंच कोसळलं असतं, असं वाटलं. तू एका कार्डावर ओळखलंस. हॉलमध्येच ओळखलं होतंस का? हातांकडे बघत बसला होतास ते त्यासाठीच का?

काल वेंडेलला फोन केला. सापडलं, कसं सापडलं, मादी होती, पिल्लं होती, सगळं सांगितलं. तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "आयरीन असती तर तिनं मला या वर्षी येऊच दिलं नसतं. तिला माझा हात माहीत होता."

"हात मीही बघितला होता," मी म्हटलं. "कॉफी ओतताना."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

मग म्हणाला, "वाटलं असतं. आणि मी तुझं ऐकलंही असतं." रागानं म्हणाला नाही, त्यामुळे जास्त लागलं. फोन ठेवताना त्यानं आभार मानले.

आता तुझ्याकडे मागणं आहे. उद्या कायद्यानं शेवटचं पिंप काढावं लागणार. आजवर मी त्या पिल्लांना पोसते आहे, शिळ्या पॉपकॉर्नवर आणि डोनटांवर, जे त्यांच्या आईला मारायला वापरलं त्याच्यावर. बारीक आहेत. आठवडाभरात बर्फ बसेल. आई नसताना पिल्लं आपली आपण हिवाळ्याची गुहा धरतात का? कुठं धरतील? पापांना विचारलं असतं, पण मग सगळंच सांगावं लागेल. गुहा तू जितक्या बघितल्यास तितक्या इथं कुणी बघितलेल्या नाहीत. रागावून का होईना, लिही.

डेल्फीन

१८ जानेवारी

प्रिय लायनेल,

तुझं मोठं पत्र नाताळच्या आधी आलं. एवढं लांब पत्र तू मार्थाला लग्नाआधीसुद्धा लिहिलं नसशील. त्यात माझ्याबद्दल चांगलंवाईट एक अक्षर नाही, नुसती अस्वलं, त्यांच्या गुहा आणि हातानं काढलेला नकाशा. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि शेवटी पापांना वाचून दाखवलं. मग त्यांना बाकीचंही सांगावं लागलं. ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "तेल कुणी ओतलं होतं ते मला माहीत आहे." एवढंच. मग तुझ्या नकाशातली एक चूक काढली. तू लिहिलेला फाटा वादळात पडलेल्या झाडांनी बंद झालाय, पलीकडच्या अंगानं जा, म्हणाले.

काल थंडी थोडी मोडली, तशी बर्फावर चालायचे जाळीचे बूट बांधून गेले. ओढ्याच्या वर, उत्तरेच्या उतारावर, जिथं स्प्रूसची झाडं मुळांसकट आडवी झालीत. पिल्लं लांब जाणार नाहीत, आईनं दाखवलेल्या जागेच्या आसपासच राहतील, असं तू लिहिलं होतंस. दोन पडलेली झाडं तपासली, काही नाही. तिसऱ्याच्या मुळापाशी बर्फात मुठीएवढं भोक होतं आणि त्याच्या कडेला आतल्या श्वासाची वाफ गोठून पिवळसर हिम जमलेलं. तू सांगितलं होतंस तस्संच.

मी पोटावर आडवी झाले. भोकातून ऊब येत होती, ओल्या कुत्र्यासारखा वास. छोटी बॅटरी तळहाताखाली धरून, उजेड कमी करून, आत पाहिलं. काळी पाठ दिसली, आणि एक कान. पाठ वरखाली होत होती. दुसरं त्याच्या पलीकडे असेल तर मला दिसण्यासारखं नव्हतं. मी श्वास ऐकत राहिले. एकाचा की दोघांचा, शपथेवर सांगता येणार नाही. उकरून बघितलं असतं तर कळलं असतं. तू बजावलं होतंस, उकरू नकोस. नाही उकरलं. झाडाच्या फांद्या तोडून वाऱ्याच्या बाजूनं आडव्या घातल्या आणि आले.

पापा दारातच बसले होते, ब्लँकेट गुंडाळून.

"किती?"

"एक तर आहे."

"एक म्हणजे काही कमी नाही," ते म्हणाले. मग विचारलं, तू ईस्टरला येणार का. येणार असलास तर समुद्रावरची ताजी मासळी आण, इथली दुकानातली म्हणजे पुठ्ठा. मी म्हटलं, तुम्हीच लिहा. म्हणाले, "मी त्याला सभेत सांगितलंय." काय सांगितलं म्हणून विचारलं, तर सांगत नाहीत. तूच सांग कधीतरी.

आणखी एक आहे, आणि ते लपवलं तर या सगळ्या पत्रांना काही अर्थ राहणार नाही. ऑगस्टमध्ये मी पुन्हा पिंपं भरणार आहे. पूर्वीपेक्षा कमी. ओढ्याकाठी नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या शेजारी मचाणावर मी स्वतः बसेन, आणि मी हो म्हणेपर्यंत बंदूक वर करायची नाही, हे बुकिंगच्या वेळीच सांगते आहे. त्यामुळे दोघांनी यायचं रद्द केलं. करोत. ज्याचा हात कापतो त्याला तोंडावर सांगेन. तरीही ते महिनाभर जेवायला बोलवणंच असणार आहे, आणि शेवटी गोळीच असणार आहे. मी बाजूला बसल्यानं ते बरोबरीचं होत नाही. एवढ्यावर तुझं समाधान होणार नाही हे मला माहीत आहे. माझंही झालेलं नाही. पण मला दुसरं काही येत नाही, आणि पापांना इथून हलवता येणार नाही.

पुन्हा सार्वमत आलं तर तू पुन्हा माझ्याविरुद्ध बोल. नुसतं त्यांच्यासाठी बोलू नकोस, इथं येऊन, माझ्या टेबलावर बसून, मला म्हण. मी भांडेन. पण घरातलं कुणीतरी नको म्हणत राहायला हवं.

डेल्फीन